खोली सोडताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय मागविला तेव्हा आम्ही "भाड्याची खोली सोडताना करावयाची साफसफाई" एवढेच कळविले. दोन दिवसांनी त्यांच्याकडून पुन्हा विचारणा आली, की विषय हाच ना? त्यात चालकांचा दोष नाही. काल याच व्यासपीठावरून एका विद्वान वक्त्यांनी आपल्याला ताऱ्यांच्या जन्मापर्यंत नेऊन आणले. आज त्याच खुर्च्यांवर बसून मोरीतला चिकटा कसा काढावा हे ऐकावयाचे, म्हणजे जरा उतरणच झाली. त्यातून आम्ही कामगार चळवळीतले. आमच्याकडून लोक मजुरी, बोनस आणि संप यांवर बोलण्याची अपेक्षा करतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर झालेले. मोठ्या विषयांना हात घालण्याचे धाडस आम्ही सहसा करीत नाही. पण हा विषय मजुरीचाच आहे एवढे आपल्याला पटले, तरी आमचे येणे वाया गेले नाही असे समजू.

मजुरीचा तो कसा? हिशेब अगदी सोपा आहे. सहा हजार भाड्याची खोली घेताना तीस हजार अनामत ठेवावी लागली, तर अठरा हजार मिळविणाऱ्या माणसाची दीड महिन्यांहून जास्त कमाई दुसऱ्याच्या कपाटात जाऊन बसली. ती बहुधा भिशीतून किंवा मेहुण्याकडून उसनी आणलेली असते. खोली सोडण्याच्या दिवशी तिच्यातून "साफसफाई" आणि "रंग" म्हणून आठ-दहा हजार कापले गेले, तर दोन-तीन वर्षे झगडून मिळविलेली पगारवाढ एका सकाळी गेली. कारखान्यात आठ तासांच्या दांडीचा पैसा कापला तर कामगार युनियनच्या कचेरीत येतो. खोलीत कापला तर गप्प बसतो. कारण तिथे त्याला आपणच चुकलो असे वाटते. घर घाण ठेवले, या शब्दापुढे भल्याभल्यांची मान खाली जाते.

आम्ही ज्या भागात काम करतो तो पुण्याच्या उत्तरेचा, भोसरीपासून चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा. तिथे खोली सोडणे ही नित्याची गोष्ट आहे. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा अखंड धरावी आणि नोटीस व भरपाई दिल्याविना त्याला काढू नये, अशी तरतूद औद्योगिक विवादांच्या १९४७ च्या कायद्यात होती. हेतू चांगला होता. पण त्यातूनच सातव्या महिन्यात नाव कमी करावयाचे, मध्ये खंड पाडावयाचा आणि पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर घ्यावयाचे, असा रिवाज काही ठिकाणी पडला. काम सुटले की बस बदलते, बस बदलली की खोली बदलते. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, त्यापलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून आलेली मुले चार-पाच वर्षांत पाच-सहा खोल्या पाहतात. अशा प्रत्येक वेळी एक रात्र घासण्यात जाते आणि एक सकाळ घासाघिशीत.

आमच्या आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही, ही यातली मौजेची गोष्ट. मुंबईच्या गिरणगावात माणूस चाळीत जन्मला, चाळीतच वाढला आणि चाळीतूनच त्याला नेले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली, आणि खोली ही सोडावयाची वस्तूच राहिली नाही. कोणी सोडलीच तर पागडी घेऊन सोडली. तिथे साफसफाई कोण पाहतो? आपल्या चालीरीतींतही पाहा: नव्या घरात शिरताना दूध उतू घालतो, वास्तुशांत करतो, चार माणसे जेवू घालतो. घरातून निघण्याचा मात्र काही संस्कार नाही. चुलीची जागा सारवून दाराला हात जोडला की झाले.

भाड्याच्या घरांची साफसफाई सरकारने सक्तीने केल्याचा एक काळ इतिहासात आहे, तो १८९६ च्या प्लेगाचा. मुंबईत पथके घरात शिरत, जंतुनाशके ओतीत, भिंतींना चुना फाशीत आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर तशी अक्षरे रंगवीत. साथीच्या मागे दाटीची वस्ती आणि अंधाऱ्या खोल्या होत्या. पण दारावरच्या खुणेची शरम वाटली ती आत राहणाऱ्याला. मालकाला वाटल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढे काळ बदलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि आज शहरात नव्याने खोली घेणारा बहुधा कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नसतो. तो असतो परवानाधारक. त्याचा करार "लीव्ह अँड लायसन्स"चा, बहुतेक अकरा महिन्यांचा. मुदत संपली की निघावयाचे. न निघाल्यास दुप्पट दराने भरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात आहे. म्हणजे खोलीत शिरण्याच्या दिवशीच निघण्याची तारीख ठरलेली. आणि निघावे कसे, हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

आता एक उदाहरण सांगतो. नावे सांगत नाही, गावही सांगत नाही. यंत्रावर काम करणारा एक तरुण, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढी जागा. बाविसाव्या महिन्यात काम सुटले, दुसरीकडे लागले. अनामत तीस हजार. सामान टेंपोत भरल्यावर मालकीणबाईंनी वहीच्या पानावर लिहून हाती दिले: रंग सात हजार, सफाई अडीच हजार, ओटा चार हजार, नळ पाचशे. एकूण चौदा हजार. वर तोंडी सांगितले, "तुम्हां लोकांना घरात राहायचं कळत नाही."

हे "तुम्हां लोकांना" कोणाला उद्देशून असते ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कधी आडनाव पाहून असते, कधी धर्म पाहून, कधी बोलीवरून, कधी केवळ ठेकेदाराच्या गणवेशावरून. कापलेले पैसे परत मिळविता येतात. हे वाक्य परत घ्यायला लावण्याचे कोणतेही कलम आमच्या पाहण्यात नाही. त्या बाईने मात्र तिथल्या तिथे उत्तर दिले होते. ती म्हणाली, "काकू, बेसिनखालची झुरळं आम्ही गावाहून आणली नव्हती. ती तुमच्याकडं आधीपासून राहत होती, बिनाभाड्याची."

आम्ही चौघे जण जाऊन मालकांकडे बसलो. घोषणा नाहीत, आरडाओरड नाही. चहा घेतला आणि म्हटले, चला, खोली पाहू. खोलीत जाऊन एकेक गोष्ट बोटाने दाखवून बोलले की निम्मे भांडण आपोआप मिटते, असा आमचा अनुभव आहे.

न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरी पूड फुटली होती आणि रंगाचे पापुद्रे निघाले होते. हा लोणा. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येऊन सुकते आणि सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर ठेवून जाते. हजार वेळा पुसा, हजार वेळा येईल. कारण पाणी आत आहे. आतला नळ गळत असेल किंवा फरशीचे सांधे सुटले असतील. हा राहणाऱ्याचा मळ नव्हे, हे बांधणाऱ्याचे काम. मालकांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि स्वतःच म्हणाले, खरे आहे. रंगाची रक्कम तिथेच खाली आली.

शेगडीमागच्या फरश्यांवर मात्र बावीस महिन्यांच्या फोडण्यांचा तपकिरी थर होता. तो त्या कुटुंबाचाच. तिथे आम्ही वाद घातला नाही. बादली मागविली, गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालविला, जुन्या फडक्याच्या पट्ट्या त्यात भिजवून फरश्यांवर चिकटविल्या आणि पाऊण तास गप्पा मारल्या. मग काथ्याने घासले. दोन तासांत फरश्या दिसू लागल्या. सफाईचे अडीच हजार गेले.

राहिला ओटा. तो कडप्प्याचा होता, काळाभोर. मधोमध परातीएवढा पांढरट, खरबरीत डाग पडला होता. हा डाग कसा पडला, ते ऐका. आदल्या रात्री पैसे कापले जातील या धास्तीने त्या बाईने दुकानातून ॲसिडची बाटली आणली होती. प्रथम ओट्यावर ओतली. मग न्हाणीघरात ओतली आणि त्यावर आणखी पांढरे व्हावे म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली. तीन फूट बाय चार फुटांची जागा, दार लोटलेले, एक हातभर झडप. नवरा खाली टेंपोवाल्याशी बोलत होता. शेजारणीला खोकण्याचा आवाज आला म्हणून बरे. तिने दार ढकलून तिला ओढून गॅलरीत आणले. तीन दिवस तिच्या छातीत जळजळत होते. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जममधील ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडला, तो हाच वायू. कारखान्यात त्याच्या टाकीपाशी लाल पाटी असते, मुखवटे टांगलेले असतात, आपत्काळी कोणत्या दिशेने धावावे याचे बाण असतात. घरच्या मोरीत बाई एकटी असते आणि हाती असते ती झिजलेली खराट्याची मूठ. भगिनींनो, आज संध्याकाळचे दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण ही दोन द्रव्ये एका जागी, एका दिवशी वापरू नका. संडासाच्या सफाईच्या बाटलीतही ॲसिडच असते, तेव्हा तिच्यावरही पावडर टाकू नका.

ओट्यापुरते आम्ही मालकांशी भांडलो नाही. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड; ॲसिड पडले की फेस येतो, म्हणजे दगड विरघळतो. तो डाग पुसून जात नाही, दगड पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो. पॉलिशवाल्याला बोलावून विचारले, त्याने दोन हजार सांगितले. नळाच्या पाचशेंपैकी अर्धे मालकांनी सोडले. चौदा हजारांच्या जागी सव्वादोन हजारांवर हिशेब मिटला, आणि बाकीचे पैसे त्याच बैठकीत मिळाले. मुद्दा असा, की त्या बाईने घर घाण ठेवले म्हणून तिचे पैसे गेले नाहीत. भीतीपोटी ते नको इतके साफ करायला गेली म्हणून गेले.

अशा बऱ्याच बैठकींनंतर आम्ही आमच्या माणसांना तीन शब्द वेगळे करावयास सांगू लागलो: मळ, झीज आणि मोड. मळ हा राहणाऱ्याचा. तो त्यानेच काढावा. मोड म्हणजे फुटलेली काच, तुटलेली कडी, जळलेला ओटा. ज्याच्या हातून झाली त्याने भरून द्यावी. झीज ही मात्र काळाची. ऊन लागून रंग उडतो, चालून चालून फरशीची चकाकी जाते, बिजागरी सैल होते. तिचे मोल भाड्यातच दिलेले असते. तीच तर भाड्याने दिलेली वस्तू. हा आमचा शोध नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात, भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावी, पण वाजवी झीज आणि आवरता न येणाऱ्या आपत्तीने झालेले बदल वगळून, असेच म्हटले आहे. परवान्याच्या करारांना ते कलम सरळ लागू होत नाही. तिथे करारात लिहिलेले चालते. पण छापील करार वाचून पाहा, वाजवी झीज वगळण्याचे शब्द बहुधा त्यांतही असतात. आपण सही करताना ते वाचीत नाही, आणि पैसे कापताना मालक ते वाचीत नाहीत.

मालकांची एक ठरलेली तक्रार असते, की रंग तर द्यावाच लागतो ना? द्यावा लागतो. प्रश्न, कोणाच्या पैशाने. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यात दुरुस्तीच्या कामांची वाटणी करून दिली आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा बदलणे ही कामे मालकाची; नळ व त्याचे वॉशर, मोरीची सफाई, बेसिनची दुरुस्ती, बटणे, खिडकीची काच ही राहणाऱ्याची. राहण्याच्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, असेही त्यात आहे. हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून तो कोणावर बंधनकारक नाही. पण बोलणी करताना नमुनाही उपयोगी पडतो. पगाराच्या वाटाघाटीत शेजारच्या कारखान्याचा करार आम्ही पुढे ठेवतो ना, तसाच.

काही करारांत "सोडताना एक महिन्याचे भाडे रंगाबद्दल कापले जाईल" असे आधीच लिहिलेले असते. सही केली म्हणजे सर्व संपले असे आमचे लोक समजतात. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते, की करारभंगाबद्दल आधी लिहून ठेवलेली रक्कम ही वरची मर्यादा. मिळावयाची ती वाजवी भरपाई. भिंत जशीच्या तशी असताना भरपाई कसली? कोर्टात जाऊन हे सिद्ध करावयास दहा हजारांसाठी कोण जातो, हा प्रश्न खरा आहे. कामगार जात नाही, हे मालकही जाणतात. म्हणून तर चौघांनी जाऊन बसावे लागते.

सफाईच्या कामाबद्दल आणखी थोडे सांगू द्या, कारण आम्ही यात स्वतः हात घातलेले आहेत. आमच्या भागात पाणी बोअरचे, जड. नळांवर, फरश्यांवर, बादल्यांवर पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांचा. त्याला पोलादी घासणी लावली तर चकाकी जाते आणि थर राहतो. त्याला आंबट पाहिजे: किराण्याच्या दुकानातले लिंबूसत्त्व, व्हिनेगर, नाहीतर आमसुलाचे पाणी. फडके भिजवून नळाला गुंडाळून ठेवावे आणि जेवून घ्यावे. आजीबाई तांब्याचा हंडा चिंचेने घासत, तीच विद्या. मात्र हे आंबटही कडप्प्यावर आणि शहाबादीवर नको. तेलकटाला आंबट चालत नाही. त्याला सोडा आणि गरम पाणी. पण सोडा ॲल्युमिनियमच्या खिडकीला लावू नये, ती काळवंडते. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नये, हलविता येणारी वस्तू असेल तर ती धुऊन उन्हात ठेवावी, हळद उन्हाने उडते. देवघरावरची काजळी ओल्या फडक्याने पुसली तर भिंतभर पसरते. ती आधी कोरड्या ब्रशाने झाडावी, मग कणकेचा घट्ट गोळा हलकेच दाबून उचलून घ्यावी. साध्या डिस्टेंपरची भिंत तर घासूच नये. डागाच्या जागी घासलेला डाग होतो, तो जास्त दिसतो.

या सर्वांत जोर कमी आणि वेळ जास्त लागतो. आपल्याकडे उलटे होते: वेळ नसतो म्हणून जोर लावला जातो आणि ॲसिड ओतले जाते. ठेक्यावरच्या माणसाला खोली बदलण्यासाठी रजा नसते. दुसरी पाळी करून रात्री साडेअकराला घरी यावयाचे, सकाळी सातला टेंपो. म्हणून आम्ही सांगतो, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज एक जागा घ्या. पहिल्या दिवशी पंखा आणि जळमटे, मग खिडक्या, मग शेगडीमागची भिंत, न्हाणीघर शेवटी. फरशी सामान निघाल्यावर. टँकरचे पाणी असेल तर आदल्या रात्री पिंप भरून ठेवा, नाहीतर भर सफाईत नळ कोरडा पडतो.

आणि हे "सांगतो" कोणाला, तर पुरुषांना. सामान उचलणे हे पुरुषाचे काम आणि घासणे बाईचे, अशी वाटणी आपल्याकडे न बोलता झालेली आहे. सामान उचलायला दोन तास लागतात, चार मित्र येतात आणि वर वडापाव होतो. घासायला पंधरा तास लागतात आणि ती एकटी असते. युनियनच्या एका सभेत आम्ही हे तास फळ्यावर मांडले, तेव्हा पुरुष मंडळी छताकडे पाहू लागली. छतालाही जळमटे होती, ही गोष्ट वेगळी.

एकट्या मुलांच्या खोल्यांचा प्रकार निराळा. सहा जण राहतात, पाळ्या तीन, घासण्याची पाळी कोणाचीच नाही. शेवटी एखाद्या घरकामाच्या बाईला बोलावून सर्व साफ करून घेतात आणि पाचशे रुपये हातावर ठेवतात. तिच्याकडूनच मालक पुन्हा साफ करून घेतात आणि मुलांच्या अनामतीतून तीन हजार कापतात. कापलेल्या तीन हजारांतले तिच्या हाती किती पडले, हे विचारावयास हवे, आम्ही विचारतो. सफाईची पावती दाखवा आणि जिने सफाई केली तिला समोर बोलवा, एवढे म्हटले तरी पुष्कळ वेळा आकडा उतरतो.

कचऱ्याचेही असेच. जुनी गादी, फुटका आरसा आणि औषधांच्या बाटल्या निघताना कोपऱ्यावर टाकल्या की आपली खोली स्वच्छ झाली असे आपण मानतो. तो कोपरा कोणाच्या तरी हातांनी स्वच्छ होतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, तेव्हापासून या हातांना नाव मिळाले. काच वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून, वेगळी द्यावी; ज्या हाताला ती कापते त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. आणखी एक गोष्ट, खोल्यांच्या रांगा जिथे आहेत तिथली. तिथे सेफ्टी टँक उपसण्याचा खर्च कधी कधी निघणाऱ्या भाडेकरूच्या माथी मारतात आणि स्वस्तात होते म्हणून माणूस आत उतरवितात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे हा गुन्हा आहे. वर्गणी मागितली तर आधी विचारा, गाडी येणार की माणूस उतरणार? माणूस उतरणार असेल तर पैसे देऊ नका आणि त्यालाही उतरू देऊ नका.

आम्ही मालकांना शत्रू मानतो असे कोणी समजू नये. आमच्या पट्ट्यातले कित्येक खोलीमालक हे कालचे शेतकरी. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मिळालेल्या पैशातून दहा खोल्या बांधल्या, आणि तेच आता त्यांचे शेत. मुलगा कारखान्यात कायम झाला नाही, तोही ठेक्यावरच. भाडेकरू न सांगता पळाला, वीजबिल थकवून गेला, संडासात कापडाचे बोळे घालून गेला, असेही प्रसंग त्यांच्यावर येतात, आणि तेव्हाही ते आम्हांला बोलावतात. आमच्या माणसाने घाण ठेवली असेल तर आम्ही त्याला परत नेऊन साफ करावयास लावतो. एकदा तिघांना आळंदी रस्त्यावरून परत आणले होते. तोंडे वाकडी झाली, पण संडास स्वच्छ झाला.

शेवटी निघण्याच्या दिवसापेक्षा शिरण्याच्या दिवसाबद्दल बोलले पाहिजे. खरे काम तिथे आहे. खोली घेताना, सामान आत नेण्यापूर्वी, प्रत्येक भिंतीचे, ओट्याचे, नळाचे, संडासाचे फोटो घ्यावेत. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लग्नात जेवणाच्या ताटाचे फोटो काढतो, मग मोरीचे काढावयास लाज कसली? ते त्याच दिवशी मालकाच्या फोनवर पाठवावेत, म्हणजे तारीख राहते. करार नोंदवून घ्यावा. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने ती जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरावयाचे असते. निघताना तेच फोटो त्याच जागी उभे राहून पुन्हा घ्यावेत. विजेच्या मीटरचा आकडा टिपावा. मालकांना रिकाम्या खोलीत बोलवावे, दिवसाउजेडी. रात्री दिव्याखाली प्रत्येक भिंत मळकी दिसते. कापावयाचे काही असेल तर तिथेच कागदावर लिहून घ्यावे, कशाचे किती. आणि किल्ली हातात देताना मागे एक ओळ लिहून घ्यावी: अमुक तारखेस खोली रिकामी व स्वच्छ मिळाली, किल्ल्या दोन, अनामतीपैकी इतके परत दिले. त्याखाली मालकाची सही आणि त्याखाली त्या घरच्या बाईची. बहुतेक करारांवर तिची सही नसते. घासली मात्र खोली तिने असते.

आता प्रश्न विचारावयाचे असतील तर विचारा. कोणाचा करार बरोबर असेल तर तोही दाखवा. आम्ही साडेआठपर्यंत इथेच आहोत.